ग्रीन कार्डवर जज निवडता येतो म्हणे!

टेक्ससमधल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: काउंटीचा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे छोट्या खटल्यांचा जज, थोडक्यात जेपी, लोक निवडून देतात, निवडणूक स्थानिक असल्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही मत देता येतं, पार्टीचं एकच बटण दाबलं की तिच्या सगळ्या उमेदवारांना मत जाऊन काम झालं, आणि हा जज वकीलही नसतो, तेव्हा त्याच्या कोर्टाचे कागद फारसे मनावर घ्यायचे नाहीत. खाली हात जोडलेले, 'सर्व मराठी बांधवांपर्यंत पोचवा'. पोचला की! थेट माझ्या ग्रीन कार्डवरच्या सासूबाईंपर्यंत. "अगं, मग माझं नाव कधी नोंदवायचं?" असं त्यांनी जेवताना विचारलं आणि माझा घास अडकला.

टेक्ससच्या निवडणूक कायद्याचं कलम 11.002 उघडा. मेसेज लिहिणाऱ्यानं ते उघडलेलं नाही, हे नक्की. मतदार कोण? 18 वर्षं पूर्ण झालेला, अमेरिकेचा नागरिक, टेक्ससचा रहिवासी, यादीत नाव असलेला. राष्ट्राध्यक्षासाठी एक मतदार आणि जेपीसाठी दुसरा, अशी वाटणी त्यात नाही. नोव्हेंबरची मतपत्रिकाही एकच असते: वर सिनेटर, गव्हर्नर वगैरे मोठी नावं, बरंच खाली जेपी आणि कॉन्स्टेबल, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा अधिकारी. तळाच्या दोन ओळींपुरतं मतदार व्हायची सोय या महाशयांनी कुठून काढली, देव जाणे.

नुसता चुकीचा असता तर मी हसून सोडून दिला असता. पण नावनोंदणीच्या अर्जावर 'तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?' हा प्रश्न असतो. तिथं 'हो'वर खूण करून सही केली की नागरिक असल्याचा खोटा दावा झाला. पुढे मत दिलं नाही तरी तेवढ्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. नागरिकत्वासाठीच्या एन-400 अर्जात तर सरळ विचारतात की केंद्राच्या, राज्याच्या किंवा स्थानिक निवडणुकीत कधी नाव नोंदवलंय का, मत दिलंय का. टॅरंट काउंटीत 2017 साली ग्रीन कार्डवरच्या एका बाईला बेकायदा मतदानासाठी 8 वर्षांची शिक्षा झाली. ती तान्ही असताना अमेरिकेत आलेली. आपल्याला मत देता येतं असंच वाटत होतं, हे तिचं म्हणणं ज्यूरीनं ऐकलं आणि तरीही 8 वर्षं! साठी ओलांडलेल्या माझ्या सासूबाईंनी एका फॉरवर्डपायी ही जोखीम घ्यायची?

आता, मेरीलँडमधल्या टाकोमा पार्क गावात नागरिक नसलेले रहिवासी गावच्या निवडणुकीत 1990च्या दशकापासून मत देतात, हे खरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत शाळा मंडळासाठी पालकांना तशी मुभा आहे. कुणीतरी तिथली बातमी अर्धवट वाचून टेक्ससला चिकटवली असावी.

एकच बटण दाबायची सोय टेक्ससनं 2020 पासून बंद केलीय. प्रत्येक पदासमोर वेगळी खूण करावी लागते, संपला विषय.

वकिलीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मान्य करताना मला आनंद होत नाही. जेपीला कायद्याची पदवी लागत नाही. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर न्यायाधीश व्हायचं तर एलएलबी करून एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते. इथं जेपी व्हायला माणूस पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात 80 तासांचं प्रशिक्षण, पुढे दरवर्षी 20 तास. मलाही हे पटत नाही. पण म्हणून त्याचे कागद केराच्या टोपलीत? 20,000 डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे त्याच्यापुढे चालतात. घरमालकानं भाडेकरूला बाहेर काढायचा खटला तर त्याच्याच कोर्टात सुरू होतो. तारखेला गेला नाहीत तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागतो आणि सामान बाहेर काढायला कॉन्स्टेबल दारात येतो. निकाल पटला नाही तर काउंटी कोर्टात अपील करता येतं, तिथं खटला पहिल्यापासून चालतो. पण घराच्या खटल्यात त्यासाठी 5 दिवसच मिळतात.

ज्यांना मत आहे त्यांना हा मेसेज उपयोगाचं काय सांगतो? काहीच नाही. राज्यघटनेनुसार मोठ्या काउंटीचे 4 ते 8 भाग पडतात. आपण ज्या भागात राहतो तिथल्याच जेपीला मत देता येतं, आणि त्याची मुदत 4 वर्षं. मधेच जागा रिकामी झाली तरच कमिशनर्स कोर्ट, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारं मंडळ, माणूस नेमतं. कित्येक भाग एकाच पक्षाकडे इतके झुकलेले असतात की खरा निकाल मार्चच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, लागतो. टेक्ससमध्ये पक्षाचं सभासद वगैरे व्हावं लागत नाही, दोनांपैकी कुठल्याही एका प्रायमरीत जाता येतं. तिथं मात्र आपली मंडळी फिरकत नाहीत.

तुमच्या ग्रुपवर हे आलं असेल तर त्याखाली कलम 11.002 टाका. आणि घरातल्या ग्रीन कार्डवाल्यांपैकी कुणी उत्साहानं नाव नोंदवून बसलं असेल, तर मनानं पत्रं पाठवत बसू नका. आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, आणि एन-400 भरायच्या आत गाठा.