रक्त घ्या, पण रिपोर्ट देऊ नका

ग्रँट मंजूर झाली का? अभिनंदन! आता आदिवासींच्या आरोग्यातली दरी बुजवायला तुम्ही नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे निघणार, तर जाता जाता दोन शब्द ऐकून जा. मी आठ वर्षं याच पाड्यांवर फॉर्म भरतोय, सल्ला फुकट आहे.

सर्व्हे डिसेंबरातच लावा. दिवाळी झाली की निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत, घराला कुलूप, म्हणजे कुणाशी बोलायची कटकटच नाही. अहवालात 'समाज उदासीन आहे' असं ठोकून द्यायचं. होळीला, भोंगऱ्या बाजाराला सगळे परत येतात खरे, पण तेव्हा आपला मार्चएंड असतो ना, यूसी म्हणजे पैसे खर्चल्याचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, उरलेल्या पैशात टॅब आणि लोगोवाल्या बॅगा घ्यायच्या असतात, माणसांना कुठे वेळ देणार!

प्रश्नावली पुण्यात एसीत बसून बनवा. तिथल्या पावरी-भिली बोली कशाला? 'आपणांस गत पंधरवड्यात श्वसनास त्रास झाला काय?' असं शुद्ध विचारायचं, बाई हसली की 'नाही' वर टिक.

आशाताई आहेतच. दिवसभर डोंगर चढवा, मानधनाचं नंतर बघू.

संमतीपत्र सहा पानी ठेवा, अंगठा शेवटच्या पानावर. तेवढाही कंटाळा असेल तर होस्टेल गाठा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या) अभ्यासात वसतिगृहातल्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डननी सह्या केल्याच होत्या की. पुढे संसदेच्या समितीने झापलं, ते जाऊ द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त. सिकलसेलसाठी, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या त्या रक्ताच्या आजारासाठी, भरपूर घ्या. पाड्यावर होते ती सोल्युबिलिटी टेस्ट, त्यात रक्तात सिकल आहे एवढंच कळतं, माणूस नुसता वाहक आहे (दोष अंगात, पण आजार नाही) की पेशंट ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागते. मग नमुने बर्फाच्या डब्यात घालून शहरात न्या आणि रिपोर्ट तिथेच ठेवा. एक्सेलमध्ये. पासवर्ड लावून. 'डेटा गोपनीय आहे' म्हणायचं, ज्याचं रक्त त्याच्यापासूनच गोपनीय!

गेल्या आठवड्यात दुसऱ्या राउंडला गेलो. सहा महिन्यांची गरोदर बाई, पोरगीच म्हणा, बाही वर करून त्याच शिरेवर बोट ठेवून म्हणाली, "मागच्या वर्षी नेलं ते संपलं का?" सगळे हसले, मीपण हसलो. रात्री शीट उघडून बघितली तर ती वाहक, नवरापण वाहक. अकरा महिने झाले दोन्ही रिपोर्ट येऊन. अशा जोडप्याच्या दर बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल सिकलचं पेशंट होणार. पोटातल्या बाळाची तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात व्हायची असते, ती वेळ गेली. आणि त्या अकरा महिन्यांत आमच्या मॅडमनी याच डेटावर दोन पीपीटी केल्या, एका कॉन्फरन्सला तर पाड्याचा ड्रोन फोटोपण लावला, त्यात तिचं घर दिसतं.

सल्ला-बिल्ला गेला खड्ड्यात. लाज वाटायला पाहिजे तुम्हाला, आणि मलाही, सुई माझ्याच हातात होती. २०२३ ला केंद्राने मिशन काढलं, ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. रक्त काढून नेलं म्हणजे तपासणी होते का हो? पैसे नाहीत म्हणू नका, पोस्टर छापायला होते. नेटवर्क नाही म्हणू नका, टॅबवरचा फॉर्म रात्री सिंक होतोच. तीनशे चिठ्ठ्या लिहायला किती वेळ लागतो? छापील कार्ड नको, लॅमिनेशन नको, साध्या कागदावर नाव लिहा, पुढे वाहक की पेशंट ते लिहा, ज्याची त्याच्या हातात द्या, आशाताईला समोर बसवून तिच्या भाषेत समजावून सांगा, पेशंट निघेल त्याला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कुठे मिळेल ते सांगा. ते होईपर्यंत तिसऱ्या राउंडची तारीख मला विचारू नका, मी सुई धरणार नाही.