केळीच्या सालीचं पाणी आणि अथणीची राख

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. "खताचं पोतं विसरा! केळीच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, चुलीची राख, तंबाखूची भुकटी. या पाच वस्तू कुठल्याही मातीत, कुठल्याही भाजीला, कितीही घाला. घरचं खत कधी बाधत नाही. सात दिवसांत फरक बघा." खाली हात जोडलेले, पुढे पाठवण्याची विनंती. बेळगावात वडगावच्या घरामागे मी पंधरा वर्षं वांगी, मिरच्या, टोमॅटो लावतेय. या पाचही वस्तू घालून झाल्यात, त्यातल्या काही अंगाशी आल्यात. म्हणून एकेक घेते.

केळीची साल. तिच्यात पोटॅश आहे, हे खोटं नाही. पण तीन दिवस भिजवून गाळलेल्या पाण्यात नत्र जवळजवळ नसतंच. पालक-मेथीला आधी नत्र लागतं. त्या पाण्यातून हमखास मिळतात ती चिलटं.

चहाचा चोथा. यात नत्र आहे, पण कुजल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही. शिवाय आपला चहा दूध-साखरेचा. चोथा तसाच कुंडीत ओतला की आधी मुंग्या येतात, मग वर पांढरी बुरशी धरून पापुद्रा होतो आणि पाणी कडेनं निघून जातं. धुऊन खताच्या पिंपात टाकावा.

अंड्याची टरफलं टोमॅटोचं बूड काळं पडणं थांबवतात, असा दावा. हा मी दोन उन्हाळे खरा मानला. टोमॅटोच्या बुडाला चामड्यासारखा काळा चट्टा यायचा, मी टरफलं चुरडून घालायची, चट्टा यायचाच. पुढे कुंडी उपसली तर दोन वर्षांपूर्वीची टरफलं जशीच्या तशी! ती म्हणजे बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच, हळूहळूच विरघळणार. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण मातीत तो बहुधा असतोच. तो पाण्याबरोबर वर चढतो. आमच्या नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे कुंडी दोन दिवस कोरडी, तिसऱ्या दिवशी तुडुंब. चट्ट्याचं मूळ तिथं होतं. बुडाशी भाताच्या पेंढ्याचं आच्छादन घातलं, रोज थोडं-थोडं पाणी साठवून दिलं, तेव्हा चट्टे जवळपास थांबले.

आता राख. "कुठल्याही मातीत" या दोन शब्दांचा राग मला इथं येतो. माझं माहेर खानापूर तालुक्यात. तिथली माती तांबडी, पाऊस धो-धो, चुना वाहून जाऊन माती आंबट झालेली. तिथं वाफ्याला चौरस मीटरमागे मूठ-दोन मूठ राख वर्षातून एकदा घातली तर मानवते. माझी नणंद अथणीला दिली. तिकडची माती काळी, चुनखडीची, सामू म्हणजे पीएच आठाच्या आसपास. राखही अल्कलीच. मेसेज वाचून तिनं आंघोळीच्या पाण्याच्या चुलीची राख सगळ्या वाफ्यांना पाटीनं घातली. पंधरा दिवसांनी फोन, "वहिनी, खत घालून घालून दमलो की ओ, पण मिरची पिवळीच पडाय लागलीया." फोटो मागवला. कोवळी पानं पिवळी, त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही तेव्हा पान असं दिसतं. सामू वर गेला की लोह अडकतं. आणखी एक, ताज्या शेणात किंवा युरियात राख मिसळू नये. अमोनियाचा वास येतो ना, ते तुमचं नत्र हवेत चाललेलं असतं.

तंबाखूची भुकटी मात्र धोक्याची. निपाणी जवळ, वखारीतली भुकटी ओळखीनं मिळते, म्हणून आमच्याकडे हा मुद्दा जास्त फिरतो. निकोटिनानं मावा, ही रस शोषणारी कीड, मरते, खरं. पण तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली. तंबाखूचा मोझाईक विषाणू सुक्या पानातही वर्षानुवर्षं टिकतो आणि हातानं पसरतो. पानं चित्रविचित्र हिरवी-पिवळी होऊन आकसली की औषध नाही, झाड उपटायचं. निकोटीन माणसालाही कातडीतून भिनतं. ज्या मिरच्या उद्या कांदापोह्यात पडणार त्यांच्यावर या भुकटीचा काढा फवारायचा? तंबाखू खाणाऱ्यानंसुद्धा साबणानं हात धुऊनच टोमॅटोच्या रोपांना हात लावावा.

राहिलं "कितीही घाला, बाधत नाही". चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, शेंगदाण्याच्या पेंडीत सातेक टक्के. दोन्ही "घरचंच". मी एकदा पेंड रात्रभर भिजवून घट्ट काला मिरचीच्या रोपांना घातला. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात वीसपैकी चौदा रोपं गेली, आणि वास असा की शेजारच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या. ताज्या शेणाचंही तेच. मुळं भाजतात, वर मुळं खाणारी हुमणी अळी सोबत येते.

ओला कचरा वाया घालवू नका, एवढं त्या मेसेजमधलं मला मान्य. फक्त तो आधी कुजवा. भोकं पाडलेलं पिंप, एक पाटी ओला कचरा, त्यावर दोन पाट्या वाळका पाला किंवा पेंढा. आठवड्यानं हात घातला तर आत ऊब लागली पाहिजे. गार असेल तर उलथापालथ करा, घाण वास आला तर पाला वाढवा. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं. तरी खात्री नसली तर एका वाटीत घेऊन मूठभर मेथी पेरा. मेथी टवटवीत उगवली तर घाला, करपली तर अजून पंधरा दिवस थांबा.

अथणीला हे सगळं सांगितलं. नणंदेचा एकच प्रश्न, "मग दोन पाट्या राख उरलीया, तिचं काय करू?"

"भांडी घासा, वन्सं."