कढीपत्ता कोण खातंय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसायला लागली. एका पानावर चिमणीची वाळकी शीट असावी तसं काहीतरी होतं. फडक्याने पुसायला गेले तर ते सरकलं. मी किंचाळलेच, "शी! अळी!" माझी सात वर्षांची लेक मागेच उभी होती. तोवर ती मान पुढे काढून टक लावून बघत होती. माझा आवाज ऐकल्यावर तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग तीसुद्धा म्हणाली, "शी!"

ती शी तिची नव्हती, माझ्याकडून गेली होती. एरवी तिला वरणभात खायला शिकवताना वर्ष गेलं, हे मात्र दोन सेकंदांत शिकली.

मी फांदी झटकणार तेवढ्यात कुडाळहून आलेली माझी आई आतून म्हणाली, "रवांदे गो. चार पानां खाल्ल्यान म्हणान झाड मरूचा नाय." विषय संपला. आईपुढे आमच्या घरात कोणाचं चालत नाही.

मग आम्ही बघत बसलो. खरंच दुसरं काही केलं नाही. शीटेसारखी दिसणारी ती अळी कात टाकत टाकत वाढली आणि शेवटची कात टाकल्यावर एकदम पोपटी हिरवी झाली. पानात बसली की शोधावी लागायची. लेकीने एकदा काडीने हळूच ढोसलं, तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र, आंबूस वास सुटला. लेक इतकी खूश झाली की शेजारच्या दोन मुलांना तो वास घ्यायला बोलावून आणलं. (मग मी सांगितलं, रोज ढोसायचं नाही. तुला कोणी जेवताना ढोसलं तर चालेल का?)

एके सकाळी अळी झाडावर नव्हती. लेक रडकुंडीला आली. संध्याकाळी सापडली ती कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या पायाला, कमरेभोवती रेशमाचा एक धागा आवळून, एसटीत उभ्या उभ्या डुलकी काढणाऱ्या माणसासारखी रेलून. त्या स्टँडवर आम्ही दहा दिवस कपडे वाळत घातले नाहीत. पावसाळ्यात, ठाण्यात! ज्यांच्याकडे फ्लॅट आहे त्यांना कळेल हा त्याग. अकराव्या दिवशी सकाळी तिथे ओले पंख लोंबकळत ठेवून लाईम बटरफ्लाय बसलं होतं. त्या दिवशी शाळेची बस चुकली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या कोषाबद्दल. तो काळपट पडत गेला. फुलपाखरू काही आलं नाही. एक दिवस त्याला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं आणि त्यातून मुंगीहून बारीक, पंखवाले किडे एकेक करून बाहेर आले. परजीवी गांधीलमाश्या. त्या दुसऱ्या कीटकाच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं त्याला आतून खाऊन वाढतात. क्षणभर वाटलं, लेकीला काहीतरी थाप मारावी. मग जे होतं ते सांगितलं. ती रडली. जेवताना गप्प होती. झोपताना म्हणाली, "म्हणजे त्या किड्यांच्या आईने त्यांना खाऊच्या डब्यातच ठेवलं होतं."

इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

मुलांना निसर्ग आवडावा म्हणून आपण बरंच काही करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितला, त्यामागचा हेतू चांगलाच होता. घरापर्यंत पोहोचेस्तोवर मात्र त्याचा प्रोजेक्ट होतो, आणि तो रात्री अकरा वाजता आई करते, थर्माकोलचा. लेकीच्या शाळेत ‘ग्रीन डे’ असतो. हिरवे कपडे, डब्यात हिरव्या चटणीचं सँडविच. त्या दिवशी मुलं शाळेमागच्या पिंपळाखाली तरी जातात का, तर नाही, कपडे मळतील. ५ जूनला रोपं लावून फोटो काढतात. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचायची सरासरी तारीख ११ जून, तोवर त्या रोपांना पाणी कोण घालणार, हे फोटोत येत नाही.

आणि सफारी. आम्हीही ताडोब्याला जाऊन आलो. वाघ दिसला नाही, तर परतताना जिप्सीतले मोठे लोक "पैसे वाया गेले" म्हणत होते. मुलं ऐकत होती. त्या दोन दिवसांत त्यांनी चितळ, गवे आणि डोक्यावरून उडत गेलेला मोर बघितला होता. ते सगळं वाया गेल्याच्या खात्यात जमा झालं.

सलीम अलींचा लहानपणीचा प्रसंग अनेकांना माहीत असेल. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी पोराला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती चिमणी कुठली ते सांगितलं आणि सोसायटीच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मला यात मिलार्डसाहेब जास्त आवडतात. एवढ्या मोठ्या संस्थेचा सचिव, आणि हातात मेलेली चिमणी घेऊन आलेल्या शाळकरी मुलासाठी त्याला वेळ होता.

आपल्याला संग्रहालय परवडणार नाही, पण पाच मिनिटं थांबणं परवडेल. मूल डबक्याशी बसलं की आपण हात धरून ओढतो, "चल, उशीर होतोय." कुठे उशीर होतोय? हॉबी क्लासला.

सगळंच हाताळू द्या असं मी म्हणत नाहीये. आईचे नियम कडक आहेत. केसाळ सुरवंटाला हात नाही. दगडाखाली, पालापाचोळ्यात बघितल्याशिवाय हात नाही, कारण कोकणात फुरसं कुठेही असतं. पण ती हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात किळस नसते. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ म्हणावं, त्याच सुरात सांगते. माझा सूर अजून तसा लागत नाही. झुरळ दिसलं की मी आजही खुर्चीवर. लेक म्हणते, "आई, ते पण कोणाचं तरी जेवण असेल."

सध्या झाडावर पाच अळ्या आहेत आणि पानं जवळपास नाहीत, म्हणून कढीपत्ता भाजीवालीकडून आणते. पण तोही सरळ फोडणीत जात नाही. परवा मोहरी तडतडली, हिंग पडला, मी हात पुढे केला, तर लेक खिडकीच्या उजेडात एकेक पान उलटं करून पिवळी अंडी शोधत होती. "थांब गं, अजून तीन राहिलीत."

फोडणी जळली.