90 दिवसांत डाएटिशियन? थांबा, दाजी

रविवारी सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला. ‘डाएटिशियन व्हायला पाच वर्षं घालवणारे मूर्ख! 90 दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, रोज एक तास, आणि घरबसल्या प्रॅक्टिस.’ खाली पाच कारणं आणि हात जोडलेले इमोजी. एरवी मी असलं वाचतही नाही. पण हा टाकला होता आमच्या दाजींनी, आणि सोबत लिहिलं होतं, ‘लेकीची एमएस्सीची फी भरायच्या आधी मावशीने यावर बोलावं.’ भाची यंदा बीएस्सी झाली. मावशी म्हणजे मी, 18 वर्षं हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. तेव्हा बोलते.

सगळ्यात भयंकर कारण आधी घेते. ‘किडनी असो की शुगर, आजीचा मंत्र एकच: भरपूर नारळपाणी, मिठाऐवजी सैंधव, आणि भाज्या शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच सत्त्व.’ धडधाकट माणसासाठी यातलं शेवटचं बरोबरही आहे. पण ज्याची किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नाही आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलंय, त्याला आम्ही नेमकं उलटं शिकवतो: बटाटा बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून द्या. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि अशा माणसाला रोज दोन शहाळी पाजायची? सैंधव म्हणजे शेवटी मीठच. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर त्याहून वाईट, कारण त्यात सोडियम कमी करून घातलेलं असतं पोटॅशियमच.

आणि ‘किडनीचा पेशंट’ असा एकच पेशंट नसतोच. डायलिसिसच्या आधी प्रथिनं बेतानं द्यायची. डायलिसिस सुरू झालं की वाढवायची, कारण त्यात अमिनो आम्लं निघून जातात. म्हणजे तोच माणूस, तोच आजार, सहा महिन्यांपूर्वीचा चार्ट आज चुकीचा. घरचे मात्र जुनाच कागद फ्रिजला चिकटवून बसतात आणि ‘डाळ बंद सांगितलीय’ म्हणून त्याला अशक्त करतात. हे ओळखायला रिपोर्ट वाचता यावा लागतो. आजीच्या आमटी-भाकरीशी माझं भांडण नाही, पण आजीला डायलिसिसवाल्याचं ताट वाढायची वेळ आली नव्हती.

आता ते 90 दिवस. संसदेने 2021 मध्ये ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ कायदा केला. त्याच्या परिशिष्टात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट नावानिशी आहेत. हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणवून घ्यायला पदवी हवी, तीही किमान 3600 तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली. 90 दिवसांत 3600 तास बसवायचे तर रोज 40 तास शिकावं लागेल. फॉरवर्डवाला एक तास म्हणतोय. शिवाय हे विषय ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवणं बंद करा, असं यूजीसीने 2025 मध्ये विद्यापीठांना बजावलंय. जिमबाहेर ‘सर्टिफाइड’च्या पाट्या अजून लटकताहेत, हे कबूल. म्हणून ती पाटी लावणारा पेशंटला काय सांगतो ते सुरक्षित होत नाही.

‘इंटर्नशिप म्हणजे फुकट राबवणं, ट्रे मोजायला लावतात.’ इथे मात्र मला गप्प बसावं लागतं, निदान अर्धं. बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड नसतो, आणि पोरींना महिनाभर लेबलं चिकटवायला बसवतात. ते बदललंच पाहिजे. माझाही पहिला महिना पेशंटच्या जेवणाचे ट्रे तपासण्यातच गेला. पण तेव्हाच एकदा, सकाळी ऑपरेशन असलेल्या, तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी सूचना असलेल्या पेशंटच्या टेबलावर मला गरम उपमा दिसला. त्या दिवसापासून ट्रेवरचं लेबल मला क्षुल्लक वाटलेलं नाही.

‘रिसर्च, डेझर्टेशन म्हणजे कॉपी-पेस्ट, पेशंटला त्याचा काय उपयोग?’ कॉपी-पेस्ट करणारे आहेत, नाही कशाला म्हणू. पण कायद्याच्या व्याख्येतही सल्ला देण्याच्या जोडीला संशोधन आहे, आणि ते उगाच नाही. भाचीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी 30 घरांत जाऊन ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ विचारलं. उत्तर यायचं, ‘एक वाटी भात.’ वाटी केवढी? सपाट की शीग लावून? वरचं तूप धरलं का? मग ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2017 चं अन्नघटकांचं कोष्टक, 528 पदार्थांचं, उघडून हिशेब मांडत बसायची. तिसाव्या घरी पोचेपर्यंत तिला कळलं होतं की वाटी हातात घेऊन बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. तीच मुलगी उद्या वॉर्डात पेशंटने सांगितलेल्या ‘थोडंसंच खातो’वर विश्वास ठेवणार नाही.

‘ॲप सगळं सांगतं’ यावर काय बोलू? ॲपला तुम्ही जे सांगाल तेच ते धरून चालतं, आणि दाजी, तुम्ही डॉक्टरांना संध्याकाळची भजी कधी सांगितली आहेत का?

फीची शेवटची तारीख शुक्रवार आहे. कमी पडत असतील तर मला फोन करा, ग्रुपवर नको.