अस्वल उपाशी झोपतं, त्याचे जिवाणू जेवत असतात

आषाढ लागल्यापासून बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: अस्वल सहा महिने न खाता झोपतं, त्यामुळे पोटातले सगळे जिवाणू मरतात, आतडी स्वच्छ होतात आणि म्हणूनच त्याची ताकद टिकते. आपणही चातुर्मासात २१ दिवस नुसत्या कोमट पाण्यावर काढावेत. आपल्या भीमगडच्या जंगलातली अस्वलंही पावसाळाभर गुहेत झोपून हेच करतात. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. या मेसेजपायी घरातलं माणूस पडलेलं पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

जिवाणू मरतात, हा पहिला. काही घटतात, प्रकारही कमी होतात, पण पोट ओस पडत नाही. उन्हाळ्यात अन्नातल्या चोथ्यावर जगणारे जिवाणू जोरात असतात. झोपेत वरून घास येणं थांबलं की त्यांचे हाल होतात. आतड्याचं अस्तर मात्र बुळबुळीत श्लेष्म सोडतच राहतं आणि ते खाऊन जगणारे पुढे सरकतात. अशाच थंडीभर झोपणाऱ्या अमेरिकेतल्या जमीनखारींमध्ये अक्करमॅन्शिया नावाचा असा जिवाणू थंडीत वाढलेला आढळला. स्वीडनच्या तपकिरी अस्वलांतही उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे जिवाणू वेगळे निघाले. २०१६ च्या त्या अभ्यासात दोन्ही ऋतूंतले जिवाणू उंदरांना देऊन पाहिले, तर उन्हाळ्यातले मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

ताकदीचा मुद्दा मला सगळ्यात खटकला, कारण खरी गोष्ट त्याच्या बरोबर उलट आहे. प्रथिनं झिजली की त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. उपाशी प्राण्याला हा तोटा परवडत नाही. पण युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) कुठल्याच सस्तन प्राण्याकडे स्वतःचं नसतं, ते असतं आतड्यातल्या काही जिवाणूंकडे. तेरा पट्ट्यांची जमीनखार झोपेत ४-५ अंश सेल्सियसपर्यंत थंड पडते, मधूनमधून काही तास ऊब धरून जागी होते आणि पुन्हा निजते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा खारींना ओळखता येईल असा जड नायट्रोजन असलेला युरिया टोचला. २०२२ साली निष्कर्ष आले: युरिया रक्तातून आतड्यात उतरतो, जिवाणू तो फोडतात आणि त्यातला नायट्रोजन खारीच्या यकृताच्या नि स्नायूंच्या प्रथिनांत परत सापडतो. औषधं देऊन ज्यांचे जिवाणू कमी केले होते, त्या खारींत हे फारसं घडलं नाही. हिवाळा सरत आला, उपास सगळ्यात लांबला, तेव्हा ही परतफेड सर्वांत जास्त होती. ज्या जिवाणूंना मेसेज मारून टाकतो, तेच खारीचे स्नायू राखत असतात.

आणि आपण? थोडा युरिया आपल्याही आतड्यात फुटतो, पण त्यावर आपले स्नायू तगत नाहीत. आपलं अंग थंड पडत नाही, खर्च चालूच राहतो, नुसत्या पाण्यावर मांस झडतं. माझे मामा शुगरची गोळी घेतात. मेसेज वाचून त्यांनी जेवण सोडलं, गोळी चालू ठेवली. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यात धार काढताना त्यांना दरदरून घाम फुटला, हातातली चरवी सुटली आणि ते म्हशीच्या पायाशीच बसले. मामींनी साखरपाणी पाजलं, मशीनवर रक्तातल्या साखरेचा आकडा आला अवघा ४८. एकादशीला मीही उपास करते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बंद करू नये, ही हात जोडून विनंती.

राहिली भीमगडची अस्वलं. खानापूरच्या रानातलं आपलं काळं अस्वल शीतनिद्रा घेतच नाही. व्यायलेली मादी पिल्लांसाठी काही आठवडे गुहा धरते, तेवढंच. एरवी बाराही महिने ते वाळवी, मुंग्या, मध आणि जांभूळ-उंबरासारखी फळं शोधत हिंडतं.

अस्वल पावसाळाभर झोपतं हे मेसेजमधलं वाक्य आमच्याकडे उपासाइतकंच घातक आहे. श्रावणात बायका-पोरं तांबडं फुटायच्या आत अळंबीला निघतात. अळंबी उगवते वारुळावर आणि अस्वलही वाळवी खायला वारुळावरच येतं, तेही बहुतेक रात्री नाहीतर अशाच झुंजुमुंजू वेळेला. ते झोपलंय असं धरून चालू नका. चांगलं उजाडू द्या, तिघीचौघी मिळून जा, मोठ्यानं बोलत जा, आणि वारूळ ताजं उकरलेलं दिसलं तर अळंबी तिथेच सोडून मागे फिरा.