मोरोक्कोच्या पोरींना 'चमत्कार' म्हणू नका

3 ऑगस्ट 2023. महिला फुटबॉल विश्वचषकातला पर्थमधला सामना संपला होता, तरी मोरोक्कोच्या पोरी मैदान सोडेनात. कोलंबियाला 1-0 हरवून सगळ्या मैदानातच कोंडाळं करून एका मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभ्या. तिकडे ब्रिस्बेनला जर्मनी आणि दक्षिण कोरियाचा सामना अजून चालूच होता. तो 1-1 वर संपला, दोन वेळची विश्वविजेती जर्मनी घरी गेली, मोरोक्को पुढच्या फेरीत पोहोचलं आणि या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आपल्याकडे साडेपाच वाजत आले होते. गॅसवरचा चहा आटून गेला, मला पत्ता नाही. मीही रडत होते.

महिला विश्वचषकात उतरलेला हा पहिला अरब संघ. क्रमवारीत 72वा. दहाच दिवसांपूर्वी याच जर्मनीने त्यांना 6-0 असं धुतलं होतं.

नंतर जे वाचलं त्याने मात्र जीव जळाला. जिकडेतिकडे नुहैला बेंझिनाचा हिजाब. फिफाने डोकं झाकण्यावरची बंदी 2014 मध्ये उठवली म्हणून ती खेळू शकली, हे मोठंच आहे. पण अहो, ती बचावपटू आहे! कोरिया आणि कोलंबिया, दोन्ही सामन्यांत ती खेळली आणि दोन्हींत संघाने एकही गोल खाल्ला नाही. हे कुणी लिहायचं?

आणि दुसरा शब्द, चमत्कार. कसला चमत्कार? 2020 मध्ये तिथल्या महासंघाने मुलींसाठी दोन स्तरांची व्यावसायिक लीग उभी केली, त्यात पैसा ओतला. 2022 मध्ये राजधानी रबातचा एएस फार क्लब आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकला. त्याच वर्षी आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्याला रबातचं स्टेडियम माणसांनी भरलं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात भुवनेश्वरला, 17 वर्षांखालच्या विश्वचषकात, मोरोक्कोच्या मुलींनी आपल्या मुलींना 3-0 हरवलं. 'अनुभव कमी पडला' म्हणून आपण मोकळे झालो. अरे, त्याही पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होत्या!

माझा जीव सर्वांत जास्त अडकलाय तो कर्णधार गिझलान शेबाकमध्ये. तिचे वडील लार्बी शेबाकही देशासाठी खेळलेले. 2022 च्या आफ्रिका चषकाचा अंतिम सामना ती रबातमध्ये हरली. जुलै 2025 मध्ये पुन्हा रबात, पुन्हा अंतिम सामना. पहिला गोल तिचाच, मोरोक्को 2-0 ने पुढे. मध्यरात्र उलटून गेली होती, मी टीव्हीसमोरून हलले नाही. नायजेरियाने तीन गोल केले.