खुलासा : मराठी नावामुळे फाइल उघडत नाही, हे खरं नाही

‘फाइलचं नाव देवनागरीत असेल तर प्रोग्रॅमला ती उघडता येत नाही, सगळी नावं इंग्रजीत बदला’ असा मेसेज सध्या फिरतोय. अडचण खरी आहे, निदान चुकलंय.

लिनक्सला नावाची भाषा कळतच नाही. या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी नाव म्हणजे नुसते बाइट, म्हणजे संगणक साठवतो ते आकडे. तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. विंडोजची एनटीएफएस (डिस्कवर फाइली ठेवणारी फाइल सिस्टीम) नावं यूटीएफ-१६मध्ये ठेवते; सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचं हे एक साठवण-रूप. तिथे अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात ती बहुधा प्रोग्रॅम जुन्या, मोजकीच अक्षरं ओळखणाऱ्या ‘आन्सी’ फंक्शनांतून नाव मागतो म्हणून.

खरी गोम वेगळीच आहे. ‘पायऱ्या’मधला ऱ एकाच कोडचा (युनिकोड क्रमांक ०९३१) असू शकतो, किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा दोन कोडचा. दिसायला तंतोतंत सारखे, बाइट वेगळे. लिनक्सवर एकाच फोल्डरमध्ये अशा दोन फाइली सुखाने नांदतात आणि फाइल एका रूपात, शोध दुसऱ्या रूपात असला की प्रोग्रॅम म्हणतो, फाइल सापडली नाही! नावाचे बाइट छापून बघा, लगेच कळेल. उपाय : तुलनेआधी दोन्ही नावं एनएफसी रूपात (युनिकोडच्या ठरलेल्या एकसारख्या रूपात) आणा. मात्र कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) वापरून तो टाइप केला असेल, तर एनएफसीही हात टेकतं. ते स्वतंत्रपणे हाताळावं लागतं.

लांबीचं तेवढं जपा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या युनिकोडच्या दुसऱ्या साठवण-रूपामध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड, अगदी मात्रासुद्धा, ३ बाइट खातो. म्हणजे फार तर ८५ कोड.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.